होमस्टे काढताय? आधी उतारा काढा

पावसाळा लागला की बेळगावाकडनं गोव्याला जाणाऱ्या जांबोटी-कणकुंबी-चोर्ला रोडला गाड्यांची नुसती रांग, आणि ते बघून घरात दोन खोल्या रिकाम्या असलेल्या प्रत्येकाला वाटतं आपणपण होमस्टे काढूया. बेळगाव शहरात तर बाराही महिने गिऱ्हाईक, डिसेंबरात सुवर्णसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन लागलं की लॉज मिळत नाही, मराठा रेजिमेंटच्या परेडला पोरांचे आईवडील गावाकडनं येतात, के.एल.ई. हॉस्पिटलला पेशंटसोबतची माणसं. धंदा हाय, नाही कोण म्हणतंय. पण आपण करतो काय, आधी गाद्या-पलंग घेतो, फोटो काढून ॲपवर टाकतो आणि कागदाचं मागनं बघू म्हणतो. मी तसंच केलं. गाद्या आल्या, पडदे लागले, आणि पंचायतीत गेलो तर पीडीओंचा, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांचा, पहिलाच प्रश्न, घर कुणाच्या नावावर? आजोबांच्या. आजोबा जाऊन बारा वर्षं झालेली, वारसाच केलेला नाही! पौती खातं, म्हणजे वारसांच्या नावावर नोंद, करून घेईपर्यंत, दोन आत्यांच्या सह्या मिळवेपर्यंत सगळा सीझन गेला आणि गाद्यांना बुरशी आली ती वेगळीच.

तर पहिलं काम उताऱ्याचं. आणि इथं एक गोष्ट सांगतो, चंदगडच्या मामाचं नाहीतर आंबोलीच्या पाहुण्यांचं ऐकून जाऊ नका. त्यांचा सातबारा, तलाठी, एमटीडीसी, सगळं महाराष्ट्राचं. आपली भाषा एक असली तरी घर कर्नाटकात आहे, त्यामुळं कागद कर्नाटकाचेच लागणार. शेतजमिनीची पहाणी म्हणजे आरटीसी, आपल्याकडचा सातबाराच म्हणा, ती 'भूमी' या सरकारी साईटवर निघते, पंचायत हद्दीतल्या घराला ई-स्वत्तू या पंचायतीच्या ऑनलाईन नोंदीचा फॉर्म ९ नाहीतर ११, आणि महापालिका हद्दीत ई-खाता. नाव, माप, चतुःसीमा नीट जुळतात का बघा, आणि घरपट्टी भरलेली पावती सोबत ठेवा.

गावठाणातलं घर असेल तर निम्मं डोकं हलकं. घोळ होतो तो शेतातल्या घराचा. कर्नाटक जमीन महसूल कायदा १९६४, त्याचं कलम ९५, शेतकऱ्याला स्वतःच्या वापरासाठी फार्महाऊस बांधायला देतं, पण तिथं पैसे घेऊन लोकं ठेवायची तर जमीन एनए म्हणजे बिगरशेती पाहिजे आणि ती ऑर्डर डीसी म्हणजे जिल्हाधिकारी ऑफिसची. "एवढ्या आत रानात कोण बघायला येतंय" म्हणणारे भरपूर भेटतील, पण येतं बघायला, बहुतेक शेजारच्याच कुणीतरी अर्ज टाकल्यावर येतं. खानापूर तालुक्यात आणखी एक, २०११ ला भीमगड अभयारण्य झालं, त्यामुळं आमगाव, गवाळी, देगावच्या बाजूला काही बांधायचं, शेड मारायचं, शेकोटी-ट्रेकिंग ठेवायचं मनात असेल तर वीट टाकायच्या आधी फॉरेस्ट ऑफिसात सर्वे नंबर दाखवून या.

आता होमस्टे कशाला म्हणायचं. मालक त्याच घरात राहतो आणि रिकाम्या खोल्या पाहुण्यांना देतो, तो होमस्टे. केंद्राच्या योजनेत १ ते ६ खोल्या चालतात. पूर्ण बंगला किल्ली देऊन मोकळा करायचा आणि आपण शहरात टिळकवाडीत बसायचं, हा सरळ लॉजिंगचा धंदा, त्याला महापालिकेचं नाहीतर पंचायतीचं ट्रेड लायसन्स आलं. होमस्टेची नोंदणी पर्यटन खात्याकडं करायची, त्याला घराचे कागद, ओळखपत्रं, खोल्यांचे फोटो, पंचायतीची एनओसी आणि पोलीस व्हेरिफिकेशन जोडून ठेवा. शहरात असाल तर पोलीस कमिशनरांची हद्द, खानापूरकडं एसपींची, चुकीच्या स्टेशनात जाऊन अर्धा दिवस घालवू नका. आणि शहरातल्या कॅम्पात, म्हणजे लष्करी छावणीच्या हद्दीत, घर असेल तर महापालिकेत जाऊन काही होत नाही, ते कॅन्टोन्मेंट बोर्डाचं राज्य.

अर्ज कन्नडमध्ये असतात. बोलता येतं पण लिहिता येत नाही अशी आपली निम्मी पिढी, त्यात लाज वाटायचं काम नाही, तहसीलदार ऑफिसबाहेर लिहून देणारे बसतात, फक्त सही करायच्या आधी मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा. बोर्डाचंही तसंच, २०२४ च्या दुरुस्तीनं दुकान-धंद्याच्या पाटीवर ६० टक्के कन्नड आणि तेही वरच्या बाजूला लागतं. आपण वर कन्नड, खाली मराठी अशीच पाटी रंगवून घेतली, विषय संपला, भांडायला दुसऱ्या जागा आहेत की.

जेवण देणार असाल तर एफएसएसएआय, म्हणजे अन्न सुरक्षेचं, रजिस्ट्रेशन काढा, छोट्या धंद्याला वर्षाला १०० रुपये फी, ऑनलाईन होतं. मांडे आणि कुंदा खायला घातला तरी लागतंच ते! जीएसटीचं लोक उगाच घाबरतात, वर्षाची उलाढाल २० लाखाच्या आत असेल तर स्वतः रजिस्ट्रेशन लागत नाही, ॲपवरनं आलेल्या बुकिंगचा टॅक्स तेव्हा ॲपवालाच भरतो. २२ सप्टेंबर २०२५ पासनं दिवसाला ७५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला जीएसटी ५ टक्के झालाय. ॲपवर पॅन मात्र नक्की द्या, न दिल्यास टीडीएस भरपूर कापतात.

रजिस्टर वहीचा कंटाळा करू नका, प्रत्येकाचं नाव, पत्ता, गाडी नंबर, आधार बघून लिहायचं, नुसत्या ग्रुप लीडरचं नव्हे. गोव्याकडनं फिरत येणारे फॉरेनर आपल्याकडं एक रात्र थांबतात, त्यांचा सी फॉर्म, म्हणजे परदेशी पाहुणा राहिल्याची सरकारला द्यायची माहिती, २४ तासाच्या आत ऑनलाईन भरावा लागतो, एकच रात्र राहिला म्हणून सुटका नाही. पासपोर्ट आणि व्हिसा दोन्ही पानांचा फोटो आल्या आल्या घ्या, सकाळी ते सहाला उठून निघून गेलेले असतात.

आणि बाटली. गोव्यातली स्वस्त दारू डिकीत घालून येणारे गेस्ट ठरलेले, कणकुंबीच्या चेकपोस्टला सापडले तर त्यांचं ते बघतील, पण तुमच्या फ्रीजमध्ये ती सापडली तर अबकारीवाले तुम्हालाच विचारणार. मी पहिल्या फोनवरच सांगून टाकतो, गोव्याचं काजू आणा, फेणी नको.