मॉनिटर घेताना या चुका टाळा: ‘१ मिलिसेकंद’ आणि ‘१२५ टक्के रंग’ म्हणजे नक्की काय?

मॉनिटरच्या खोक्यावर दोन आकडे ठळक छापलेले असतात, एक वेगाचा आणि एक रंगांचा. दोन्ही खरेच असतात, पण बरेचदा वेगवेगळ्या सेटिंगवर मोजलेले. तुम्ही मात्र मॉनिटर एकाच सेटिंगवर वापरणार असता. घोळ होतो तो इथे.

‘१ मिलिसेकंद’ला भुलू नका

आधी बघा, तो जीटीजी आहे की एमपीआरटी; ही वेगाची दोन वेगळी मापं. एमपीआरटी म्हणजे हलतं चित्र डोळ्यांना किती वेळ पुसट दिसतं ते. एमपीआरटीचा एक मिलिसेकंद बहुतेक वेळा बॅकलाइट (पडद्यामागचा दिवा) दर फ्रेमला पेटवून-विझवून मिळवलेला असतो. ते चालू केलं की पडदा मंद होतो आणि बहुतेक मॉनिटरवर अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक (पडद्याचा वेग ग्राफिक्स कार्डाच्या फ्रेमशी जुळवणारी सोय) बंद पडतं. जीटीजी म्हणजे पिक्सेलला एका करड्या छटेवरून दुसरीवर जायला लागणारा वेळ. तो १ दाखवण्यासाठी सहसा ओव्हरड्राइव्ह (पिक्सेलला जोरात ढकलणारी सेटिंग) शेवटच्या पायरीवर ठेवलेला असतो. मग पिक्सेल हव्या त्या छटेच्या पुढे निघून जातो आणि हलत्या वस्तूमागे उजळ कडा दिसते. मला ती पहिल्यांदा दिसली तेव्हा मी ग्राफिक्स कार्डाला दोष देत दोनदा ड्रायव्हर टाकला होता! उपाय अर्ध्या मिनिटाचा होता: मॉनिटरच्या मेनूत ओव्हरड्राइव्ह एक-दोन पायऱ्या खाली. काही मॉनिटरमध्ये याच सेटिंगचं नाव ‘रिस्पॉन्स टाइम’ असतं.

थोडं गणितही करा. ६० हर्ट्झला (सेकंदाला ६० फ्रेम) एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद टिकते, १४४ हर्ट्झला ६.९. लिखाण, हिशेब, व्हिडिओ एवढंच काम असेल तर १ आणि ४ मधला फरक डोळ्यांना कळणार नाही. त्यासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.

व्हीए आणि आयपीएस हे पडद्याच्या पॅनेलचे दोन प्रकार. व्हीएची गोष्ट वेगळी. याचा कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या-काळ्यातला फरक) साधारण ३०००:१, आयपीएसचा १०००:१. त्यामुळे अंधाऱ्या खोलीत सिनेमा पाहायला व्हीए सरस. पण गडद छटेवरून दुसऱ्या गडद छटेवर जाताना बरीच व्हीए पॅनेल रेंगाळतात, आणि सरासरीच्या आकड्यात ते लपून जातं. घेण्याआधी डार्क मोडमधलं एखादं लांब पान भराभर स्क्रोल करून बघा. अक्षरांमागे काजळी फासल्यासारखा डाग ओढला गेला, तर तो दोष सेटिंगने पूर्ण जात नाही.

जास्त रंग म्हणजे अचूक रंग नव्हे

एसआरजीबी म्हणजे रंगांचा ठरलेला प्रमाण संच. ‘१२५ टक्के एसआरजीबी’ हे बहुधा रंगांचं एकूण आकारमान असतं; कव्हरेज, म्हणजे त्या संचातले किती रंग दाखवता येतात ते, नव्हे. कव्हरेज १०० च्या वर जाऊच शकत नाही. लाल बाजूला भरपूर सांडलेला मॉनिटर दुसरीकडे तोकडा असू शकतो. शिवाय वेबवरची बहुतेक चित्रं आजही १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्टने मांडलेल्या एसआरजीबीतच असतात. ती विस्तृत रंगांच्या पडद्यावर ताणली गेली की माणसांचे चेहरे उन्हात भाजल्यासारखे तांबूस दिसतात. अशा वेळी मॉनिटरचा एसआरजीबी मोड लावा. मात्र काही मॉनिटरमध्ये या मोडमध्ये ब्राइटनेस बदलताच येत नाही, हे खरेदीआधीच तपासा.

अचूकता सांगणारा आकडा डेल्टा ई, म्हणजे दाखवलेला रंग हव्या त्या रंगापासून किती दूर आहे ते. सरासरी २ च्या खाली असेल तर फोटोच्या कामाला पुरे, पण तो कोणत्या मोडमध्ये मोजलाय तेही बघा. स्वस्त मॉनिटरवर ‘४५ टक्के एनटीएससी’ लिहिलेलं असेल, तर रंगांचं काम त्यावर करू नका. एनटीएससी हा टीव्हीचा जुना रंगसंच; त्याच्या साधारण ७२ टक्क्यांना एसआरजीबीची बरोबरी होते. आणि नुसत्या ४०० निट्सच्या (निट्स म्हणजे उजेडाचं माप) एचडीआरसाठी (उजळ-गडदमधला जास्त फरक दाखवणाऱ्या सोयीसाठी) वेगळे पैसे तर मुळीच देऊ नका.

घरी आणल्यावर

१४४ हर्ट्झचा मॉनिटर महिनोन्‌महिने ६० वर चालवणारे मी पाहिले आहेत. डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट स्वतः बदलावा लागतो. यादीत १४४ दिसतच नसेल तर केबल किंवा पोर्ट बदला.

काळा रंग राखाडी आणि सगळंच धुतल्यासारखं दिसतंय? एचडीएमआयवर ग्राफिक्स कार्ड ० ते २५५ ऐवजी १६ ते २३५ ची मर्यादित रेंज पाठवत असू शकतं. ड्रायव्हरमध्ये ती ‘फुल’ करा.

माऊस हलवल्यावर पॉइंटर उशिरा सरकत असेल, तर त्याचा रिस्पॉन्स टाइमशी संबंध नाही. तो इनपुट लॅग, म्हणजे सिग्नल पडद्यावर दिसायला लागणारा उशीर. चित्र ‘सुधारणारी’ सगळी सेटिंग बंद करा, गेम मोड लावा आणि पुन्हा हलवून बघा.