निवृत्तीनंतर कोकणात: कौलारू घर की फ्लॅट?
मुंबई सोडून रत्नागिरीकडे कायमचं राहायला जायचं असेल, तर घर मे अखेरीस बघा आणि पुन्हा जुलैत. मेमध्ये विहिरीचा तळ दिसतो, जुलैत गळती. चिऱ्याचं कौलारू घर देखणं खरं, पण दरवर्षी पावसाआधी कौलं शाकारावी लागतात, आणि त्यासाठी गडी सहजी मिळत नाहीत. सत्तरीत शिडीवर कोण चढणार? त्यापेक्षा शहरातला, लिफ्ट असलेला पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट बरा.

टेप घेऊनच जा. न्हाणीघराचं दार बहुधा अडीच फुटी, त्यात चौकटीची जाडी गेली की चाकाची खुर्ची अडकते. दार उघडल्यावर 32 इंच मोकळे हवेत. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधल्या टप्प्यावर थांबते का, तेही बघा; तशी असेल तर उरलेल्या पायऱ्या चढाव्याच लागतात. भोगवटा प्रमाणपत्र (इमारतीत राहायला परवानगी असल्याचा सरकारी दाखला) नसेल, तर बोलणी तिथेच थांबवा.