मनगट दुखतंय? आधी एका बोटाने जागा दाखवा

"कुठे दुखतंय?" असं विचारलं की दहापैकी नऊ जण दुसऱ्या हाताने अख्खं मनगट धरतात आणि म्हणतात, इथे सगळीकडेच. त्यातून डॉक्टरला काही कळत नाही आणि आपल्यालाही नाही. मनगट म्हणजे जेमतेम चार बोटांची जागा पण त्यात हाडं, कंडरा, नसा इतक्या दाटीवाटीने बसल्यात की दुखणं अर्धा इंच इकडे तिकडे सरकलं तरी आजाराचं नाव बदलतं. म्हणून एकच बोट घ्यायचं, दाबत दाबत जायचं, आणि जिथे सगळ्यात जास्त कळ येते ती जागा पक्की करायची. ती जागा काय सांगते ते खाली लिहितोय, नीट वाचा, आणि वाचताना स्वतःचा हात समोर ठेवा.

आधी थोडी ओळख. तळवा वर करून हात टेबलावर ठेवा आणि बोटं एकेक करून वळवा, आता कोपर आणि मनगटाच्या मधल्या भागाकडे बघा, कातडीखाली हालचाल दिसेल. बोटं वळवणारे मोठे स्नायू तिथे असतात, बोटांत नसतात. बोटापर्यंत पोचतात त्या फक्त त्यांच्या कंडरा, ज्यांना सगळे टेंडन म्हणतात. तळहातात छोटे स्नायू आहेत, अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल उंचवटा दिसतो तो त्यांचाच. हाडं एका हातात 27, मनगटात 8 छोटी छोटी दोन रांगांत, तळहातात 5 आणि बोटांत 14, कारण अंगठ्याला दोनच पेरं आणि बाकी बोटांना तीन तीन. कोपराकडून दोन लांब हाडं येतात, अंगठ्याच्या बाजूला रेडियस आणि करंगळीच्या बाजूला अल्ना.

नसा तीन. अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची अर्धी बाजू यांची तळव्याकडची संवेदना मिडियन नस बघते. करंगळी आणि अनामिकेची उरलेली अर्धी बाजू अल्नर नसेकडे. हाताच्या मागच्या बाजूचा अंगठ्याकडचा भाग रेडियल नसेकडे, आणि मनगट वर उचलायची ताकदही तीच देते. एवढं पाठ झालं तरी पुरे, कारण मुंग्या येत असतील तर कुठल्या बोटांना येतात यावरूनच निम्मं उत्तर मिळतं.

आता मुंग्यांचंच बघू. रात्री झोपेतून जाग येते, हात बधिर झालेला असतो, उठून झटकला की बरं वाटतं, आणि करंगळी मात्र ठीक असते. असं असेल तर कार्पल टनेलचा संशय घ्या. मनगटाच्या आडव्या रेषेच्या खाली, तळहाताच्या सुरुवातीला एक अरुंद बोगदा आहे, खाली आणि बाजूंना हाडं, वर एक जाड पट्टा, आणि त्यातून 9 टेंडन आणि मिडियन नस जाते. हाडं ताणत नाहीत, पट्टाही फारसा ताणत नाही, त्यामुळे आत जरा सूज आली की दाब नसेवरच येतो. गरोदरपण, डायबेटिस, थायरॉइड कमी असणं, संधिवात, सतत जोर लावून किंवा व्हायब्रेशनच्या मशीनवर काम, ही नेहमीची कारणं. घरी बघायचं तर दोन्ही हातांच्या मागच्या बाजू एकमेकींना टेकवा, बोटं खाली, मनगटं पूर्ण वाकलेली, आणि 60 सेकंद तसेच थांबा. त्याच बोटांना मुंग्या आल्या तर टेस्ट पॉझिटिव्ह, हिला फॅलनची टेस्ट म्हणतात. पण निगेटिव्ह आली म्हणून आजार नाहीच असं समजू नका. अजून एक बारीक खूण आहे, अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या उंचवट्याची कातडी सहसा बधिर होत नाही, कारण तिथे जाणारी फांदी बोगद्याच्या आधीच वेगळी होऊन बाहेरून जाते. तीही बधिर असेल तर दाब बहुतेक अजून वर कुठेतरी आहे.

उपाय म्हणाल तर पहिला उपाय रात्री मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट, आणि तो काही आठवडे नेमाने लावायचा, दोन रात्री लावून फरक नाही म्हणून फेकायचा नाही. मग लागलंच तर इंजेक्शन, आणि शेवटी ऑपरेशन ज्यात तो वरचा पट्टा कापून जागा मोकळी करतात. मला कळकळीने सांगायचंय ते हे की अंगठ्याचा उंचवटा सपाट होत चालला असेल किंवा वस्तू हातातून सुटायला लागल्या असतील तर महिनोन् महिने मलम चोळत बसू नका, स्नायू एकदा वाळला की ऑपरेशननंतरही पूर्ण परत येईलच असं नाही.

मुंग्या फक्त करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला येत असतील तर मनगट सोडा आणि कोपर बघा, आतल्या बाजूला हाड जिथे ठोकलं की झिणझिणी येते तिथून अल्नर नस जाते. फोन कानाला लावून तासन् तास कोपर वाकवून बसणं किंवा कोपर टेबलावर टेकवणं आधी बंद करा. आणि मानेपासून खाली कळ येत असेल तर मानही तपासून घ्यावी लागते.

आता अंगठ्याची बाजू. इथे चुकामूक सगळ्यात जास्त होते म्हणून जरा थांबून सांगतो. अंगठा वर आणि मागे ताणा, मनगटाच्या कडेला दोन दोऱ्या उभ्या राहतात आणि मधे छोटा खळगा पडतो. दुखणं खळग्याच्या तळव्याकडच्या दोरीवर, रेडियसच्या टोकाशी असेल आणि बाळ उचलताना, बरणीचं झाकण फिरवताना कळ येत असेल तर ते डी क्वेर्वेन, म्हणजे अंगठा बाहेर नेणाऱ्या दोन टेंडनच्या वेष्टनाची सूज. नुकत्याच आई झालेल्यांना हे फार होतं. अंगठा मुठीत घेऊन मनगट हळूच करंगळीकडे वाकवा, त्या जागी जोराची कळ आली तर संशय पक्का, पण ताण चांगल्या हातालाही थोडा लागतो म्हणून दोन्ही हात करून तुलना करा. स्प्लिंट घेताना अंगठाही धरून ठेवणारा घ्या, नुसता मनगटाचा पट्टा कामाचा नाही. बाळाला काखेत अंगठे घालून उचलू नका, तळवे वर करून खालून उचला.

कळ खळग्याच्या तळाशीच असेल आणि हात टेकून पडल्यावर सुरू झाली असेल तर ती लचक नाही असंच धरून चाला. तिथे स्कॅफॉइड नावाचं हाड आहे. त्याचा रक्तपुरवठा बहुतांशी बोटांकडच्या टोकातून उलटा मागे येतो, त्यामुळे मधे तुटलं की मागच्या तुकड्याचं रक्त बंद पडू शकतं, हाड जुळत नाही आणि पुढे मनगट कायमचं दुखत राहतं. सूज फार नसते, हात चालतो, आणि पहिला एक्स-रे अगदी नॉर्मल येऊ शकतो. म्हणून डॉक्टर प्लास्टर घालून 10 ते 14 दिवसांनी परत एक्स-रे काढू म्हणाले तर कुरकुर करू नका, किंवा एमआरआय सांगितला तर तोही करा. नॉर्मल एक्स-रे बघून परत खेळायला जाणारी तरुण मुलंच यात अडकतात.

वय झालेल्या माणसाने असंच हातावर पडून मनगट वाकडं केलं असेल तर बहुधा रेडियसच खालच्या टोकाला मोडलेलं असतं. प्लास्टर होईलच, पण पाळी गेलेल्या बाईला हे झालं तर हाडांची घनता पण तपासून घ्या, ते सांगायचं राहून जातं आणि पुढचं फ्रॅक्चर खुब्याचं असू शकतं.

बोटांचं थोडक्यात. सकाळी बोट वाकलेलं अडकतं आणि सोडवताना टक् करून सुटतं ते ट्रिगर फिंगर. तळहातात बोटाच्या मुळाशी टेंडनवर एक कडं असतं, टेंडन सुजून जाड झाला की दोऱ्याची गाठ सुईच्या नेढ्यात अडकावी तसा तो तिथे अडकतो. डायबेटिसवाल्यांना जास्त. बॉल लागून बोटाचं शेवटचं पेर खाली लोंबायला लागलं आणि स्वतःहून सरळ होत नसेल तर मॅलेट फिंगर. त्याला 6 ते 8 आठवडे ते पेर दिवसरात्र सरळ बांधून ठेवावं लागतं, मधे धुवायला काढताना एकदा जरी वाकलं तरी मोजणी पहिल्यापासून. मनगटावर गोल, घट्ट, हलणारी गाठ आली तर ती बहुतेक गॅंग्लियन, नक्की करून घ्या, बऱ्याच आपोआप जातात, जड पुस्तक आपटून फोडायचा उद्योग करू नका. सांधेदुखीत नखाजवळचे सांधे टणक झाले तर सहसा झीज, पण बोटांच्या मुळाचे आणि मधले सांधे दोन्ही हातांत सुजले आणि सकाळचा ताठरपणा तासाभराहून जास्त टिकला तर आमवाताची तपासणी लगेच करा, वेळेत औषध सुरू झालं तर सांधे वाचतात.

काही गोष्टींना मात्र घरी थांबायचं नाही. हाताला काहीही लागलं की सूज यायच्या आधी अंगठी आणि बांगड्या काढा, नंतर कापाव्या लागतात. बोटं पांढरी किंवा निळी पडली, गार पडली, कापल्यानंतर बोट वळत नाही किंवा पलीकडे बधिर लागतंय, तर त्याच दिवशी हॉस्पिटल. सगळं बोट सुजून अर्धवट वाकलेलं राहतंय आणि सरळ करताना ओरडायला होतंय तर टेंडनच्या वेष्टनात पू असू शकतो, यात तासांनी फरक पडतो. आणि मारामारीत समोरच्याच्या दातावर मूठ लागून झालेली सांध्यावरची जखम दिसायला किती का छोटी असेना, ती सांध्याच्या आत गेलेली असू शकते, टाके घालून बंद करायची घाई न करता आधी डॉक्टरकडून धुवून घ्या, आणि दात लागल्याचं न लाजता खरं सांगा.

डॉक्टरकडे जाताना एवढं लिहून न्या: नेमकी जागा (पेनाने कातडीवर खूण केली तरी चालेल), कुठल्या बोटांना मुंग्या, रात्री जाग येते का, पडलात का आणि कसं पडलात, कुठला हात कामाचा, आणि डायबेटिस, थायरॉइड किंवा गरोदरपण आहे का.