गावच्या जुन्या वाड्यावर गाडीने जाताना

नागपूरहून काटोल, उमरेड किंवा रामटेककडचं गाव तास-दीड तासावर, म्हणून लोक बिनतयारीचेच निघतात. पण वाड्यावर आता बहुतेक ठिकाणी दोन म्हातारी माणसं आणि एखादा चुलतभाऊ एवढेच राहतात. सहा जण अचानक उतरले की काकूंचा सगळा दिवस चुलीपाशी जातो आणि ज्यांना भेटायला आलो त्यांच्याशी बोलणंच होत नाही. म्हणून दोन दिवस आधी फोन करून किती माणसं, किती वाजता आणि कुठलं एक जेवण, एवढं सांगून ठेवा. ‘साधंच करा’ म्हटलं की हमखास पुरण शिजतं. त्यापेक्षा झुणका-भाकर किंवा वरण-भात असं पदार्थाचं नावच घ्या.

दिवस वावराकडे बघून ठरवायचा. जूनमध्ये पहिला चांगला पाऊस झाला की पेरणी उरकेपर्यंत जाऊ नये. ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी असते, पाठोपाठ कापसाची वेचणी. संत्र्याच्या पट्ट्यात आंबिया बहाराची (हिवाळ्यातल्या फुलोऱ्याच्या फळांची) तोड साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर आणि मृग बहाराची (पावसाळ्यातल्या फुलोऱ्याची) फेब्रुवारी ते एप्रिल चालते. तोडीच्या दिवशी व्यापारी आणि मजूर दोघंही दारात असतात, तो एक दिवस सोडावा. मागच्या भेटीनंतर त्या घरात कुणी वारलं असेल, तर पहिली खेप फक्त भेटीची. पेढे नेऊ नका आणि सोबत मित्रमंडळीही नको.

सगळ्यात जास्त त्रास शेवटच्या दोन किलोमीटरचा होतो. पावसाळ्यात पांदणीची, म्हणजे शेतांमधल्या कच्च्या वाटेची, काळी माती टायरच्या खाचांत भरते, टायर गुळगुळीत होतो आणि गाडी जागीच फिरते. अशा वेळी एक्सिलरेटर दाबला की चाक आणखी खोल जातं. गाडी बंद करा, चाकापुढची माती हाताने काढा, तुराट्या (तुरीच्या वाळक्या काड्या) आडव्या पसरा आणि पहिल्या गिअरमध्ये अगदी हळू पुढे या. पऱ्हाट्या (कापसाच्या वाळक्या काड्या) घालू नका, त्यांची टोकं टायरमध्ये शिरतात. ट्रॅक्टरने ओढायची वेळ आली तर दोर बंपरला न बांधता टोइंगच्या कडीलाच बांधा. बऱ्याच गाड्यांत ही कडी जॅकच्या सामानात सुटी ठेवलेली असते आणि बंपरवरचं छोटं झाकण काढून आत पिळून बसवावी लागते. निघण्याआधी ती जागेवर आहे ना, हे पाहून घ्या. खरं तर पाऊस झालेला असेल तर गाडी डांबरी रस्त्यावर लावून पायी जाणंच बरं.

काढणीच्या दिवसांत रस्त्यावर सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, पसरलेलं असतं. त्यावरून जाणं टाळा, निदान त्यावर गाडी उभी तरी करू नका. सायलेन्सर तापलेला असतो आणि खाली अडकलेलं कुटार पेट घेतं. वाड्यावर पोचल्यावरही कडब्याच्या गंजीपासून दूर, बैलगाडी आणि ट्रॅक्टरची वाट मोकळी सोडून गाडी लावा.

आत गेल्यावर आधी मोठ्यांना नमस्कार, मग बाकीचं. जुन्या घराला जपून वागवावं लागतं. बंगईवर (झोपाळ्यावर) पोरांनी एकदम चढण्याआधी कड्या आणि वरचा हूक पाहून घ्या. माळ्याच्या लाकडी जिन्यावर एका वेळी एकानेच चढावं आणि पाय पायरीच्या मधोमध न देता भिंतीकडच्या बाजूला द्यावा. मातीच्या भिंतीला खिळा मारू नका, ओला टॉवेल टेकवू नका; ओल धरली की पोपडे सुटतात. वायरिंग जुनं असतं आणि अर्थिंग असेलच असं नाही. इस्त्री, हीटर किंवा इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर तिथे लावू नये. विहिरीचा कठडा बुटका असतो. पोरांसोबत मोठं माणूस हवंच.

मुक्काम असेल तर कापूस भरलेल्या खोलीत झोपू नका, अंगाला खाज सुटते. पावसाळ्यात जमिनीवर न झोपता बाजेवर झोपा आणि मच्छरदाणी चारही बाजूंनी गादीखाली खोचा. मण्यार रात्री फिरतो आणि त्याचा दंश अनेकदा जाणवतही नाही. सकाळी चपला झटकून घाला. दंशाची नुसती शंका आली तरी आवळपट्टी बांधणं, चिरा देणं यात वेळ घालवू नका. हात-पाय हलू न देता 108 ला फोन करून थेट सरकारी रुग्णालय गाठा.

मोडी लिपीतली जुनी कागदपत्रं दाखवली तर सपरीत (ओसरीवर) उजेडाला धरून, फ्लॅश न वापरता फोटो काढा. लॅमिनेशन करू नका, कागद कायमचा वाया जातो. वंशावळीतली नावं मात्र म्हाताऱ्यांकडून जरूर लिहून घ्या, ती माहिती त्यांच्याबरोबरच जाते. सातबारा आणि वाटणीचा विषय या भेटीत काढूच नका. सहज विचारलेला प्रश्नही हिस्सा मागायला आल्यासारखा वाटतो आणि पुढची भेट अवघड होते.

निघताना तूरडाळ, मिरची, संत्री हातात पडतातच. नको म्हणू नये, पण घरच्यापुरतंच घ्यावं. त्यासाठी डिकीत दोन प्लास्टिकचे क्रेट आणि एक कापडी पिशवी आधीच टाकून ठेवा. संत्री पोत्यात भरली की खालची दबून फुटतात, बंद पिशवीत घाम येऊन बुरशी धरते. क्रेटमध्ये तळाला थोडं तणस (भाताचा पेंढा) घाला, वर तीन-चार थरच ठेवा आणि घरी पोचल्यावर न धुता सावलीत पसरा.