मधाला द्राक्षाचे नियम लावू नका: नाशिकमध्ये मीड बनवताना

नाशिकमध्ये वाइनची थोडीफार माहिती घरोघरी असते. त्याच भरवशावर मधात पाणी आणि यीस्ट घालून मीड, म्हणजे मध आंबवून केलेलं मद्य, लावलं जातं. मग दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बरणीतून सडक्या अंड्यांचा वास येतो, नाहीतर आंबणं अर्ध्यावर थांबतं. दोष मधाचा नसतो. द्राक्षाच्या रसात यीस्टला लागणारं नत्र, पोटॅशियम आणि जीवनसत्त्वं आयती असतात. मधात साखर भरपूर, पण यीस्टच्या पोटाला बाकी जवळजवळ काहीच नाही. हे एकदा लक्षात आलं की पुढची प्रत्येक पायरी का करायची ते आपोआप कळतं.

सुरुवातीलाच एक गोष्ट. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करता येत नाही, मग ते घरात आणि स्वतःपुरतं का असेना. बरणी लावण्याआधी राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या कार्यालयात जाऊन परवानगीचं विचारा. आणि खाली जे आहे ते फक्त आंबवण्याबद्दल आहे. तयार मीड तापवून ऊर्ध्वपातन करण्याचा विचारही करू नका.

मध कुठला घ्यायचा

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, हरसूल या पट्ट्यातून येणारा जंगली मध बहुतेक आग्या माशीचा असतो. चव दमदार, पण त्यात पाणी जास्त असतं आणि पोळं पिळून काढलेला असेल तर परागकण, मेण, अळ्यांचे अंशही उतरतात. असा मध दुहेरी मलमलच्या कापडातून गाळा आणि दोन दिवस उंच बरणीत स्थिर ठेवा. वर येणारा फेस चमच्याने काढून टाका. विकणाऱ्याला जरूर विचारा की पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापला की सगळं पोळं उतरवलं. अळ्यांचा भाग झाडावर राखून काढलेला मध जास्त स्वच्छ असतो आणि पुढच्या हंगामात त्या वसाहतीकडून पुन्हा मध मिळण्याची आशा राहते. त्यासाठी चार पैसे जास्त द्यावेत.

पेटीतला मध सातेरी किंवा मेलीफेरा माशीचा. कांद्याच्या बियाण्याच्या प्लॉटमध्ये आणि डाळिंबाच्या बागांत परागीभवनासाठी पेट्या ठेवल्या जातात, त्या मधपाळांकडून थेट घेतलेला मध सगळ्यात भरवशाचा. कांद्याच्या फुलाचा मध ताजा असताना वासाला उग्र लागतो. त्याचं मीड करायचं तर सहा महिने मुरू देण्याची तयारी हवी. पहिल्या खेपेला सौम्य, बहुफुलांचा मध बरा. जांभळाचा मध किंचित कडसर असतो आणि कोरड्या, म्हणजे साखर न उरलेल्या, मीडमध्ये तो कडसरपणा ठळक होतो. काहींना तोच आवडतो.

पाण्यात थेंब टाकून, काडी पेटवून मधाची शुद्धता कळत नाही. साखरेचा पाक या सगळ्या घरगुती परीक्षांमधून सहज निसटतो. आणि मध गोठला म्हणजे भेसळ, हाही गैरसमजच आहे. मोहरीचा अस्सल मध तर पटकन गोठतो.

मधातलं पाणी मात्र घरी मोजता येतं, आणि त्याचं साधन द्राक्ष बागाईतदाराच्या खिशातच असतं: रसातल्या साखरेचं प्रमाण दाखवणारं ब्रिक्स मीटर. साधं मीटर ३२ पर्यंतच दाखवतं, म्हणून मध सरळ त्यावर ठेवून उपयोग नाही. २५ ग्रॅम मध आणि ७५ ग्रॅम पाणी नीट ढवळून एकजीव करा, एक थेंब काचेवर ठेवा. आकडा २० च्या आसपास आला तर मध घट्ट आहे. १९ च्या खाली गेला तर पाणी जास्त आहे. असा मध साठवणीत स्वतःच आंबू लागतो, तेव्हा तो लगेच वापरा आणि प्रमाणात थोडा वाढवून घ्या.

पाणी, यीस्ट आणि बाकी सामान

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. पाणी दहा मिनिटं उकळून झाकून गार करा. आरओचं पाणी टाळा, कारण मधात आधीच क्षार कमी असतात आणि आरओ उरलेसुरलेही काढून टाकतं.

बेकरीच्या यीस्टने मीड होतं, पण पावासारखा वास राहतो आणि गाळ नीट बसत नाही. वाइनचं यीस्ट घ्या. वाइनरींना माल पुरवणारे विक्रेते आणि ऑनलाइन दुकानं ५ ग्रॅमची पाकिटं देतात. ७१बी नावाचं यीस्ट फळांच्या मीडला छान आणि १५ ते ३० अंश सेल्सिअसमध्ये चालतं. ईसी-१११८ जवळजवळ कुठेही तग धरतं आणि १८ टक्के अल्कोहोलपर्यंत जातं, पण मधाचा नाजूक सुगंध बराचसा घालवतं. डी-४७ चं नाव मीडच्या संदर्भात फार घेतलं जातं. २० अंशांच्या वर ते घशाला जाळणारी चव देतं, म्हणून नाशिकमध्ये ते फक्त डिसेंबर-जानेवारीत.

यीस्टच्या खाद्यासाठी सेंद्रिय यीस्ट न्यूट्रिअंट हवं. फर्मेड-ओ हे त्यातलं सगळ्यात वापरलं जाणारं. काही कृतींमध्ये डीएपी (यीस्टला नत्र देणारं डायअमोनियम फॉस्फेट) घाला असं लिहिलेलं असतं, आणि इथे नाशिककरांनी फार सावध राहायला हवं. कृषी सेवा केंद्रातलं १८:४६ डीएपी हे खत आहे. त्यात कॅडमियमसारखे जड धातू असू शकतात. ते पोटात जायच्या कुठल्याही वस्तूत घालायचं नाही, चिमूटभरही नाही. लागलंच तर खाद्य दर्जाचं, तसं लेबलवर छापलेलं डीएपी घ्या. मूठभर मनुके टाकले की यीस्टचं भागतं, ही समजूतही सोडून द्या. मूठभर मनुक्यांतून मिळणारं नत्र नगण्य असतं.

याशिवाय लागेल: सात-आठ लिटरची काचेची बरणी किंवा खाद्य दर्जाचा प्लास्टिकचा डबा, नंतर भरायला पाच लिटरची अरुंद तोंडाची काचेची बाटली, एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी पण हवा आत न येऊ देणारी तोटी), सायफनची नळी, हायड्रोमीटर (द्रावणाची घनता मोजणारी काचेची नळी), पीएच पट्ट्या, सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमचा छोटा काटा, आणि पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. सरबतं-स्क्वॅश करणाऱ्यांना हे केएमएस म्हणून ठाऊक असतंच. एक लिटर पाण्यात २ ग्रॅम केएमएस आणि तेवढंच सायट्रिक अॅसिड घालून त्याने धुतलेली सगळी भांडी विसळा. हे खिडकी उघडी ठेवून करा. घरात दम्याचा रुग्ण असेल तर त्याला दूर ठेवा.

पाच लिटरची कृती

१.४ किलो मध आणि ४ लिटर पाणी. एवढ्यात साधारण ५ लिटर द्रावण होतं, ब्रिक्स २० ते २१, म्हणजे हायड्रोमीटरवर १.०८५ च्या आसपास. पूर्ण कोरडं आंबलं तर ११ टक्क्यांच्या जवळपास अल्कोहोल होतं. मध उकळू नका. सुगंध वाफेबरोबर निघून जातो. गोठलेला असेल तर बरणी कोमट पाण्यात ठेवून पातळ करा. मग पाण्यात घालून पाच मिनिटं जोरात घुसळा. सुरुवातीला यीस्टला प्राणवायू लागतो, म्हणून इथे हात राखायचा नाही.

५ ग्रॅम यीस्ट ५० मिलिलिटर, ३५ ते ४० अंशांच्या पाण्यात वीस मिनिटं भिजवा. त्यात थोडं थोडं मधाचं द्रावण घालत दोघांचं तापमान जवळ आणा. फरक दहा अंशांपेक्षा जास्त राहिला तर बरंच यीस्ट धक्क्यानेच मरतं.

खाद्य एकदम द्यायचं नाही. एकूण ४.४ ग्रॅम फर्मेड-ओ चार वेळा, प्रत्येक वेळी १.१ ग्रॅम: २४, ४८ आणि ७२ तासांनी, आणि चौथं हायड्रोमीटर १.०५७ ला आल्यावर किंवा सातव्या दिवशी, जे आधी होईल तेव्हा. पूड थेट टाकली तर विरघळलेला वायू एका क्षणात सुटतो आणि निम्मं मीड ओट्यावर येतं. आधी हळूहळू ढवळून वायू काढा, पूड दोन चमचे पाण्यात कालवा, मग घाला. पहिले चार दिवस सकाळ-संध्याकाळ ढवळा. नंतर एअरलॉक लावा आणि खाद्याचा चौथा हप्ता सोडला तर हात लावू नका.

तिसऱ्या दिवशी पीएच बघा. मधात आम्लता सावरून धरणारं काही नसल्यामुळे पीएच झपाट्याने घसरतो. ३ च्या खाली गेला की यीस्ट थकतं. १ ग्रॅम खाद्य दर्जाचं पोटॅशियम बायकार्बोनेट घाला, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. खायचा सोडा वापरला तर मीड खारट लागतं. काही कृतींत सुरुवातीलाच लिंबू पिळायला सांगतात, ते याच कारणाने चुकीचं आहे. आंबटपणा हवा असेल तर तो शेवटी चाखून वाढवायचा.

आंबणं सुरू झाल्यावर ब्रिक्स मीटर बाजूला ठेवा. अल्कोहोलमुळे ते खोटा, चढा आकडा दाखवतं. पुढे फक्त हायड्रोमीटर.

नाशिकचं हवामान

नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ते जानेवारी हा मीड लावण्याचा खरा हंगाम. खोलीचं तापमान १८ ते २२ अंश राहतं आणि दोन ते चार आठवड्यांत काम आटोपतं. निफाडकडे पहाटे पारा फारच उतरतो. तिथे बरणीला गोधडी गुंडाळा आणि ती फरशीवर न ठेवता लाकडी पाटावर ठेवा. मार्चनंतर लावायचंच असेल तर बरणी पाण्याच्या टबात ठेवून भोवती ओलं गोणपाट गुंडाळा. कोरड्या उन्हाळ्यात माठासारखंच हेही थंड राहतं, चार-पाच अंश सहज उतरतात. जूनमध्ये हवा दमट झाली की हा उपाय चालत नाही.

आठवड्याच्या अंतराने दोनदा आकडा सारखाच आला, तोही १.००० च्या आसपास किंवा खाली, म्हणजे आंबणं संपलं. गाळ न हलवता सायफनने दुसऱ्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून घ्या. वर मोकळी हवा राहिली तर दोन महिन्यांत व्हिनेगरकडे प्रवास सुरू होतो. जागा उरत असेल तर लहान बाटली घ्या. दोन-तीन महिन्यांत ते नितळ होतं.

काय बिघडतं

सडक्या अंड्यांचा वास हा यीस्ट उपाशी असल्याचा निरोप आहे. साखर अजून निम्म्याहून जास्त शिल्लक असेल तर खाद्याचा एक हप्ता द्या आणि ढवळा. बहुतेक वेळा दोन दिवसांत वास जातो. द्राक्षं घातलेल्या मीडमध्ये मात्र याच वासाचं दुसरं कारण असतं. भुरी या बुरशीजन्य रोगासाठी बागेवर मारलेलं गंधक सालीवर राहिलं की यीस्ट त्याचं हायड्रोजन सल्फाइड करतं. म्हणून शेवटची फवारणी कधी आणि कशाची होती ते विचारूनच द्राक्षं घ्या, आणि धुऊन घ्या.

नेलपॉलिशसारखा वास आणि घशात जळजळ आली तर आंबताना उष्णता जास्त झाली. यावर औषध नाही. वर्षभर मुरल्यावर थोडं निवळतं. पृष्ठभागावर पांढरी साय धरली तर हवा शिरते आहे. खालचं मीड काढून केएमएस देऊन लहान बाटलीत भरा. लव असलेली हिरवी-काळी बुरशी दिसली तर सगळं ओतून द्या.

बाटल्या फुटणं हा यातला सगळ्यात गंभीर अपघात. तो हमखास घाईमुळे होतो: गोडी उरलेली असताना बूच लावलं जातं किंवा शेवटी गोडीसाठी मध घातला जातो आणि जिवंत यीस्ट तो खात बसतं. गोड मीड हवं असेल तर ते पूर्ण आंबून नितळ होऊ द्या. साडेचार लिटरला ०.४५ ग्रॅम केएमएस आणि ०.९ ग्रॅम पोटॅशियम सॉर्बेट द्या, दोन दिवस थांबा, मग मध घाला. पुढे महिनाभर एअरलॉकवरच ठेवून आकडा हलत नाही याची खात्री करा. चालू असलेलं आंबणं या दोन पुड्यांनी थांबत नाही.

प्रयोग

पाच लिटरवर एकदम प्रयोग करू नका. एक लिटरसाठी २८० ग्रॅम मध आणि ८०० मिलिलिटर पाणी. अशा चार बाटल्या एकाच दिवशी लावा आणि त्यांत एकच गोष्ट बदला. चार वेगळे मध आणि एकच यीस्ट, किंवा उलट. दोन गोष्टी बदलल्या तर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही. प्रत्येक बाटलीवर तारीख, मधाचं गाव, आकडा आणि तापमान लिहून चिठ्ठी चिकटवा.

फळ घालायचं ते पहिलं जोरदार आंबणं ओसरल्यावर, नाहीतर सुगंध वायूबरोबर उडून जातो. सुरगाण्याची स्ट्रॉबेरी जानेवारी-फेब्रुवारीत, करवंदं मे महिन्यात, जांभळं जूनमध्ये. फळ आधी दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, म्हणजे पेशी फुटून रस मोकळा होतो. चार लिटरला स्ट्रॉबेरी एक किलो, जांभळाचा गर ७०० ग्रॅम. जांभळाच्या बिया आधीच काढा, नाहीतर तुरटपणा इतर सगळ्या चवींवर बसतो. फळ कापडाच्या पुरचुंडीत घाला, रोज एकदा दाबून बुडवा, आठ-दहा दिवसांत बाहेर काढा. मसाल्यात हात फार आखडता हवा: चार लिटरला एक इंच दालचिनी आणि दोन लवंगा, आणि तिसऱ्या दिवसापासून रोज चाखायचं. लवंग पुरेशी वाटली की त्याच घटकेला काढा. मीड मुरताना ती मागे सरत नाही.