सॉफ्टबॉल लीगचे नियम लिहिताय? आठच जण आले तर काय, ते आधी लिहा

न्यू जर्सीत आम्ही स्लो-पिच (बॉल हळू, कमानीत टाकायचा) को-एड (बायका-पुरुष एकाच टीममध्ये) सॉफ्टबॉल लीग चालवतो, यंदा अकरावा सीझन, आठ टीम, बहुतेक आपलीच मंडळी, पुण्या-नाशिककडची, थोडे तेलुगू, थोडे गुजराती आणि आता आजूबाजूचे काही अमेरिकन पण आलेत. दर मार्चला कुठून ना कुठून फोन येतो की दादा, आम्ही पण लीग काढतोय, तुमचे नियम पाठवा ना. मी पाठवतो. जुलैत त्याच माणसाचा परत फोन, की भांडणं झाली, दोन टीम सोडून गेल्या. कशावरून विचारलं तर आउट-सेफवरून कधीच नसतं, त्या मॅचला कोण खेळला यावरून असतं. आणि त्याचा नियम त्यांनी लिहिलेलाच नसतो, कारण कोणीतरी सांगितलेलं असतं की अरे मजेसाठी खेळतोय, नियम कमीत कमी ठेवा. हा सल्ला ऐकू नका. मजेसाठी खेळणाऱ्यांनाच जास्त स्पष्ट नियम लागतात, कारण दिवसभर ऑफिस करून, पोरांना कोणाकडे तरी सोडून माणूस ग्राउंडवर येतो आणि तिथे अर्धा तास वादात गेला की पुढच्या मंगळवारी तो येत नाही.

ग्राउंडचं परमिट, टाउनला लागणारं इन्शुरन्सचं सर्टिफिकेट, बेस, बॉल, फर्स्ट-एड हे तुम्ही करालच, त्यावर मी लिहीत बसत नाही.

सगळे नियम स्वतः लिहायला जाऊ नका. यूएसए सॉफ्टबॉलचं नियमपुस्तक आधाराला घ्या (हीच ती १९३३ साली स्थापन झालेली जुनी संघटना, अमॅच्युअर सॉफ्टबॉल असोसिएशन म्हणजे एएसए, २०१७ पासून नाव बदललं) आणि तुमच्या कागदावर पहिलीच ओळ टाका की इथे जे लिहिलेलं नाही ते त्या पुस्तकाप्रमाणे. मग तुमचे स्वतःचे नियम दोन पानांत बसतात. आमचे आकडे असे: दहा फील्डर, त्यात पाच बायका, पाच पुरुष, सात इनिंग, पण एक तास झाला की नवीन इनिंग सुरू करायची नाही, पिच, म्हणजे टाकलेला बॉल, जमिनीपासून ६ ते १० फूट उंचीच्या कमानीत, प्रत्येक बॅटरला एक बॉल (चुकीचा पिच) एक स्ट्राइक (चांगला पिच हुकला) असं धरूनच सुरुवात, बेस चोरणं (बॉल मारला नसताना पुढच्या बेसला पळणं) नाही, पाचव्या इनिंगनंतर १० रनांचा फरक असेल तर मॅच संपली. यावर कोणी भांडत नाही.

बॅटबद्दल मात्र कडक राहा. सॉफ्टबॉल नावावर जाऊ नका. १८८७ साली शिकागोत बॉक्सिंगचा ग्लोव्ह दोरीने बांधून आणि झाडूचा दांडा घेऊन हा खेळ सुरू झाला तेव्हा बॉल सॉफ्ट असेल, आजचा नाही. आपल्या क्रिकेटची पिच ६६ फूट, इथे पिचर उभा असतो ५० फुटांवर, बॉल सोडला की तो अजून एक पाऊल पुढे आलेला असतो, आणि समोरच्याच्या हातात कंपोझिट बॅट. तिसऱ्या सीझनला आमच्या एका पिचरच्या गालाचं हाड मोडलं, तेव्हापासून पिचरला फेसमास्क सक्तीचा आणि लीगच्या यादीतला मान्यतेचा शिक्का नसलेली बॅट डगआउटमध्ये सुद्धा ठेवायची नाही. यूएसएसएसए या दुसऱ्या संघटनेचा शिक्का आणि यूएसए सॉफ्टबॉलचा शिक्का ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक असला म्हणजे दुसरा चालतो असं नाही, कोणता चालेल ते नाव घेऊन लिहा. कॅप्टन म्हणतील माझी बॅट तीनशे डॉलरची आहे, वाया जाईल. जाऊ दे.

आपल्या लोकांसाठी अजून दोन गोष्टी पहिल्या प्रॅक्टिसलाच सांगा. क्रिकेट खेळलेला माणूस बॅट हातात घेऊनच पळतो, वीस वर्षांची सवय आहे, आणि फर्स्ट बेसवाल्याच्या अंगावर ती बॅट जाते. आमच्याकडे पहिल्यांदा वॉर्निंग, दुसऱ्यांदा आउट. दुसरं म्हणजे फर्स्टला डबल बेस लावा, फाउलच्या बाजूचा केशरी धावणाऱ्याचा, पांढरा फील्डरचा. धडका जवळपास बंद होतात.

आता मुख्य गोष्ट.

मंगळवार, साडेसहाची मॅच, हायवेला ट्रॅफिक, कोणाच्या ऑफिसात सॉफ्टवेअरची रिलीज, कोणाच्या मुलीची भरतनाट्यमची प्रॅक्टिस, आणि ग्राउंडवर तुमचे सातच जण. हे दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या टीमचं होणार आहे, मी अकरा वर्षं बघतोय. लीगची खरी परीक्षा त्या क्षणी होते, कारण कॅप्टनपुढे दोनच रस्ते असतात, मॅच सोडून द्यायची नाहीतर बाहेरचा कोणीतरी उभा करायचा. सुरुवातीला मी लिहिलं होतं की अडचणीच्या वेळी दोन्ही कॅप्टननी आपसात ठरवावं. मला वाटलं होतं मोठी माणसं आहेत, समजून घेतील. माझी ती सगळ्यात मोठी चूक. झालं असं की जे कॅप्टन एकमेकांच्या घरी गणपतीला जातात ते एकमेकांना कायम हो म्हणायचे, आणि नवीन आलेल्या टीमला कोणीच हो म्हणायचं नाही. त्यात सेमीफायनलला एका टीमने ऑफिसमधला मित्र म्हणून एक जण आणला, तो दर शनिवार-रविवार टूर्नामेंट खेळणारा निघाला, तीन होमरन मारून गेला. समोरच्या कॅप्टनने मॅचआधी हो म्हटलेलं, हरल्यावर नाही म्हणायला लागला. मी कोणाचीही बाजू घेतली तरी चूकच होती, कारण नियमच तसा होता. पुढच्या वसंतात त्या दोन्ही टीम आल्या नाहीत, आणि त्यातली काही चांगली माणसं आजही देवळात भेटली की नुसती मान हलवून पुढे जातात. ते मला अजून लागतं.

म्हणून आपसात ठरवा हे शब्द तुमच्या नियमांत कुठेही ठेवू नका. त्याऐवजी आम्ही तीन सीझन घासून जे केलं ते असं.

आठ जण असले की मॅच सुरू होते, त्यात किमान तीन बायका. नववा-दहावा नसेल तर त्याच्या नंबरला ऑटोमॅटिक आउट देतात बऱ्याच लीगमध्ये, मला ते अजिबात पटत नाही, जे आले नाहीत त्यांची शिक्षा जे धावतपळत आले त्यांना कशाला. पण बायकांची जागा रिकामी असेल तर तिथे आउट घ्या, आणि यात सूट देऊ नका. कारण मी स्वतः पाहिलंय, तो आउट नसला की कॅप्टन बायकांना फोन करायचेच बंद होतात, दोन वर्षांत को-एड लीग नावाला उरते.

पंधरा मिनिटं थांबायचं, पण घड्याळ ठरलेल्या वेळेपासूनच चालू. लाइट बंद व्हायची वेळ टाउनने ठरवलेली असते, तुमच्यासाठी ती पुढे सरकत नाही आणि तुमच्यानंतरच्या मॅचवाल्यांनी तुमच्या उशिराचा भुर्दंड का भरायचा.

सब्स्टिट्यूट फक्त लीगमध्ये नाव नोंदवलेल्यांतूनच. बाहेरचा माणूस नाही, भाऊ आला असेल भारतातून तरी नाही, मेहुणा असेल तरी नाही, इथे एकदा सैल सोडलं की संपलं. सब घेऊन दहाच्या वर जायचं नाही. त्याने बॅटिंग ऑर्डरमध्ये शेवटी यायचं, फील्डिंगला राइट फील्ड, राइट सेंटर नाहीतर कॅचर, पिचिंग आणि शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधली जागा) नाही. याचा फायदा असा की कितीही भारी खेळाडू आणला तरी मॅच तो एकटा फिरवू शकत नाही, त्यामुळे आणायची हावच राहत नाही आणि ज्याला नुसतं खेळायचंय तो दुसऱ्यांच्या मॅचला पण आनंदाने येतो. आमच्याकडे अशा सात-आठ जणांचा वेगळा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, दुपारी तीनला मेसेज टाकला की पाचपर्यंत माणूस मिळतो.

आणि सगळ्यात महत्त्वाची ओळ, ही अक्षरशः कॉपी करा: सब कोण आहे हे मॅचआधी समोरच्या कॅप्टनला सांगायचं, आक्षेप असेल तर तेव्हाच घ्यायचा, पहिला पिच पडला की त्या माणसाबद्दलची तक्रार ऐकली जाणार नाही. फक्त खोट्या नावाने खेळवलं असेल तर नंतरही ऐकली जाईल. ही ओळ आल्यापासून मला रात्री अकराचे फोन बंद झाले.

यासाठी लाइनअप कार्ड लागतं. पूर्ण नावं, नुसतं बंटी, पिंट्या चालणार नाही, सबच्या नावापुढे खूण, दोन्ही कॅप्टनच्या सह्या, आणि त्या रात्रीच फोटो ग्रुपवर. फोटो आला नाही तर जिंकलेल्या टीमला पॉइंट नाहीत. पहिल्या वर्षी सगळ्यांनी कुरकुर केली, एका टीमचा पॉइंट खरंच गेला, मग सगळे शिकले. प्लेऑफला कोण खेळू शकतो हे याच कार्डांवरून ठरतं: दहातल्या किमान पाच मॅच आपल्या टीमसाठी खेळलेला असावा, सबच्या मॅच त्यात धरायच्या नाहीत, आणि पाचव्या आठवड्यानंतर नवीन नाव नाही. प्रेग्नन्सी, दुखापत, नोकरीसाठी गाव सोडणं, एवढ्याच कारणांना बदली माणूस, तोही रजिस्टर झालेल्या वेटिंग लिस्टमधून आणि नंबराप्रमाणे.

नियम मोडला तर शिक्षा कॅप्टनला द्या. मॅच हरलेली धरायची आणि कॅप्टन पुढच्या मॅचला बाहेर. ज्याला बोलावून आणलं त्या बिचाऱ्याला बंदी घालू नका, तो बोलावलं म्हणून आला, आणि पुढच्या वर्षी तोच रीतसर पैसे भरून खेळायला येतो.

फॉरफिटसाठी प्रत्येक टीमकडून शंभर डॉलर डिपॉझिट घ्या. माणसं कमी पडून मॅच सोडली तर अंपायरचे पैसे त्यातून जातात, उरलेले सीझनच्या शेवटी परत. पण आलेल्या लोकांना घरी पाठवू नका, पॉइंट लिहून टाका आणि दोन्हीकडची माणसं मिसळून, आपल्या गल्लीत जोकर ठेवायचो तसा एक कॉमन प्लेयर ठेवून खेळवा. चाळीस मिनिटं गाडी चालवून आलेल्या माणसाला एक बॅटिंग तरी मिळाली पाहिजे.

को-एडचा एक नियम लोक गाळतात म्हणून सांगतो. पुढची बॅटर बाई असेल आणि पुरुषाला वॉक (चार बॉल पडल्यावर फुकट मिळणारा फर्स्ट बेस) मिळाला तर त्याला दोन बेस द्या. हे नसेल तर पिचर चांगल्या बॅटरला मुद्दाम चार बॉल टाकून सोडतो आणि पुढच्या बाईवर आउट काढायला बघतो, ते तिचा अपमान करणारं आहे. बाई बॅटिंगला आली की आउटफिल्डरनी पुढे सरकायचं नाही, आमच्याकडे १६० फुटांवर रेघ मारलेली असते, बॉल बॅटला लागेपर्यंत रेघेच्या मागेच राहायचं. आमच्या लीगमध्ये जळगावला शाळेपासून फास्ट-पिच खेळलेली एक जण आहे, तिच्यासाठी रेघेची गरज नाही, तिला बघून आउटफिल्डर आपणहून मागे जातात, पण जी पहिल्यांदाच बॅट हातात घेतेय तिच्यासाठी ती रेघ हवीच.

अंपायर पैसे देऊन बाहेरचा घ्या, त्याच्याशी फक्त कॅप्टन बोलणार, मैदानाबाहेर काढलेला माणूस पुढची मॅच पण बाहेर. पाऊस असेल तर साडेचारला एकच माणूस निर्णय देणार आणि त्यावर ग्रुपवर चर्चा नाही. वीज दिसली किंवा गडगडाट ऐकू आला की सगळे गाडीत, शेवटच्या गडगडाटानंतर पूर्ण तीस मिनिटं. शेवटची इनिंग असली तरी, फायनल असली तरी.

सीझन सुरू झाल्यावर नियम बदलू नका, सुरक्षेचा प्रश्न सोडून. जूनमध्ये कोणीतरी खूप पटण्यासारखं बोलेल, ते वहीत लिहून ठेवा आणि जानेवारीच्या मीटिंगमध्ये मताला टाका, एका टीमचं एक मत. आणि फी घ्यायच्या आधी नियम कॅप्टनना पाठवा, नंतर नाही. वाचलं, मान्य आहे, असं उत्तर आल्याशिवाय चेक घेऊ नका, कितीही जवळचा मित्र असला तरी. दोन प्रिंट काढा, एक अंपायरला, एक प्लास्टिकमध्ये घालून बेसच्या बॅगेत, कारण भांडण होतं तेव्हा नेमकी फोनची बॅटरी गेलेली असते.