व्हिसाच्या मेडिकलला जुना एक्स-रे सोबत न्या

कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियाच्या मेडिकलमध्ये छातीच्या एक्स-रेवर जुना डाग दिसला, की अर्ज अडकतो. मग टीबी आहे का हे बघायला सहसा थुंकीचे तीन नमुने द्यावे लागतात, आणि कल्चरचा (नमुन्यात टीबीचे जंतू वाढतात का, या तपासणीचा) अंतिम रिपोर्ट यायला आठ आठवडेही लागू शकतात. आपल्याकडे लहानपणी किंवा कॉलेजात टीबी होऊन बरा झालेले लोक कमी नाहीत, म्हणून हे आधीच करा:

१. घरातली जुनी एक्स-रे फिल्म शोधा. नुसता रिपोर्ट नको, फिल्म किंवा सीडी हवी. दोन्ही एक्स-रे शेजारी धरले की डाग तसाच आहे का वाढलाय, हे डॉक्टरांना तिथल्या तिथे कळतं.

२. टीबीचा कोर्स पूर्ण केल्याचा कागद सोबत घ्या: कोणती औषधं, कधीपासून कधीपर्यंत. सरकारी केंद्रात उपचार झाले असतील तर तिथे जाऊन विचारा, नोंद मिळू शकते.

३. मूळ पासपोर्ट, चष्मा, चालू गोळ्यांचं प्रिस्क्रिप्शन घ्या. ऑस्ट्रेलियासाठी एचएपी आयडीचं (मेडिकलसाठी मिळणाऱ्या ओळख क्रमांकाचं) पत्रही लागतं.

४. बायकांनी पाळीच्या दिवसांतली तारीख घेऊ नये. लघवीत रक्त दिसलं की तपासणी पुन्हा करावी लागते. हे अपॉइंटमेंट देताना सहसा कोणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहितेय.

जुना आजार मात्र लपवू नका. फुप्फुसावरचा व्रण एक्स-रेत सहसा दिसतोच. गरोदर असाल किंवा शंका असेल, तर एक्स-रेआधीच सांगा.